मालमोटारीचा 'सेल्फ' : आधी तपासणी, मग दुरुस्ती

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे तालुक्याचे गाव भुसावळ-नागपूर लोहमार्गावर वसलेले आहे. १८६७ साली हा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. आज या भागातील मालाची बरीचशी ने-आण रस्त्याने होते. दसरा-दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत खेड्यापाड्यांतील कापूस जिनिंग कारखान्यांकडे येतो, आणि तेथून १७० किलोंच्या गाठी मालमोटारींतून बाहेरगावी रवाना होतात. याच तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला.

या हंगामात पौषातील थंड पहाटे मालमोटार सुरू झाली नाही, तर भाडे बुडते, हमालांचा खोळंबा होतो आणि भरलेला माल उघड्यावर पडून राहतो. उन्हाळ्यात हीच अडचण गावाला पाणी पुरविणाऱ्या टँकरवर आली, तर साऱ्या गावाची घागर रिकामी राहते. अशा वेळी 'सेल्फ जळला' असा निर्णय घाईने दिला जातो. गाडीला धक्का मारला जातो. किंवा कोणी क्लीनर गाडीखाली शिरून सेल्फच्या दोन टोकांवर पाना टेकवितो. गाडी गिअरमध्ये असेल तर ती त्याच क्षणी पुढे सरकते आणि खाली असलेला माणूस चाकाखाली सापडतो. ज्या दोषासाठी हा जीवघेणा उपाय योजला जातो, तो पुष्कळदा सेल्फमध्ये नसतोच. तो बॅटरीत, तिच्या टर्मिनलवर किंवा अर्थिंगच्या तारेत असतो. म्हणून सेल्फ उतरविण्यापूर्वी क्रमाने तपासणी कशी करावी, हे मोटारमालक, चालक आणि गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राची ओळख

ज्याला आपण 'सेल्फ' म्हणतो ती एक शक्तिशाली विद्युत मोटर आहे. पूर्वी इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींवर बसविण्यात आला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला.

सेल्फचे तीन प्रमुख भाग असतात. पहिला भाग मोटरचा. तिच्यात फील्ड कॉइल, आर्मेचर, कम्युटेटर आणि कार्बन ब्रश असतात. दुसरा भाग सोलेनॉइड स्विचचा. चावी फिरविताच त्यातील लोखंडी दांडा आत ओढला जातो. तो एकीकडे पिनियनला पुढे ढकलतो आणि दुसरीकडे तांब्याचे जाड संपर्क जोडून बॅटरीचा प्रवाह मोटरला देतो. तिसरा भाग पिनियन व तिच्या एकदिश क्लचचा. मिस्त्री मंडळी त्याला 'बेंडिक्स' म्हणतात. पिनियनचे दाते फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकून इंजिन फिरवितात. इंजिन सुरू झाल्यावर ते मोटरला आपल्या वेगाने फरफटवू नये, म्हणून हा क्लच असतो.

मोठ्या मालमोटारींत साधारणतः १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळविलेला असतो. लहान मालवाहू गाड्यांत बहुधा १२ व्होल्टची एकच बॅटरी असते. या लेखातील आकडे २४ व्होल्टच्या गाडीसाठी आहेत.

लहानसा गंज, मोठे नुकसान

दिवे लागतात, हॉर्न वाजतो, मग बॅटरी उतरली कशी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर शाळेत शिकविल्या जाणाऱ्या ओहमच्या नियमात आहे. हॉर्न व दिव्यांना थोडे अँपिअर प्रवाह पुरतो. मोठे डिझेल इंजिन फिरविताना सेल्फ मात्र शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. समजा, टर्मिनलवरील गंजामुळे ०.०१ ओहम इतकाच रोध उत्पन्न झाला. दिव्यांच्या १० अँपिअर प्रवाहात त्यामुळे केवळ ०.१ व्होल्टची घट होईल व ती कोणाच्या ध्यानातही येणार नाही. परंतु ४०० अँपिअर प्रवाहात त्याच ठिकाणी ४ व्होल्ट खर्ची पडतील. म्हणजे १,६०० वॅट शक्ती त्या एका सांध्यावर उष्णतेच्या रूपाने वाया जाईल आणि सेल्फला पुरेसा दाब मिळणार नाही. सेल्फ मारल्यावर एखादे टर्मिनल हाताला चटका देण्याइतके तापले, तर दोष तेथेच आहे असे समजावे.

तपासणीपूर्वीची दक्षता

गाडी सपाट जागी उभी करावी. गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, हँडब्रेक लावावा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके किंवा दगड द्यावेत. सेल्फ मारून पाहताना गाडीखाली कोणीही असू नये. हातातील अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे, कारण बॅटरीच्या टोकांत धातू सापडला तर तो क्षणात लाल होतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो; तेथे विडी-काडी पेटवू नये. आम्ल डोळ्यांत उडाल्यास डोळा निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा व तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

लक्षणांवरून दोषाची ओळख

हेडलाइट लावून ठेवावेत आणि चालकाने सेल्फ मारावा. दिव्यांचा प्रकाश आणि सेल्फचा आवाज या दोहोंवरून बराच उलगडा होतो.

१. दिवे अगदी मंद होतात व 'टक-टक-टक' असा आवाज येतो : बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल वा गंजलेले आहे. क्वचित सोलेनॉइडचे धरून ठेवणारे वेटोळे तुटलेले असते.

२. दिवे जसेच्या तसे राहतात व काहीच आवाज येत नाही : चावीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार तपासावी. काही गाड्यांत क्लच दाबल्याविना सेल्फ लागू नये अशी योजना असते. तिचा स्विचही पाहावा.

३. एकदाच 'टक' असा आवाज येतो व दिवे मंद होत नाहीत : सोलेनॉइडचे संपर्क जळालेले किंवा कार्बन ब्रश झिजलेले असण्याचा संभव आहे.

४. एकदाच 'टक' होते आणि दिवे खूपच मंद होतात : बॅटरी व जोड ठीक असतील, तर मोटर किंवा इंजिन अडकलेले असू शकते.

५. मोटर भरधाव फिरते, इंजिन मात्र हलत नाही : एकदिश क्लच घसरतो आहे किंवा पिनियन रिंगपर्यंत पोचत नाही.

६. दाते खरवडल्याचा कर्कश आवाज येतो : पिनियन किंवा रिंगचे दाते झिजलेले आहेत, अथवा सेल्फचे बोल्ट ढिले झाले आहेत.

७. चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहतो : संपर्क चिकटले आहेत. विलंब न लावता बॅटरीचा मुख्य कट-ऑफ स्विच बंद करावा.

मीटरने करावयाची तपासणी

यासाठी साधा मल्टीमीटर पुरेसा आहे. प्रथम बॅटरी पाहावी. काही तास विश्रांती मिळालेली १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ अर्धी उतरलेली आहे. दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे मोजाव्यात. एक चांगली व एक कमजोर अशी जोडी असल्यास कमजोर बॅटरी दोघींना खाली ओढते. पाणी भरण्याची सोय असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घर तपासावे. भारित बॅटरीत आम्लाची घनता १.२६ ते १.२८ असते. एखाद्याच घराची घनता इतरांहून बरीच कमी भरली, तर ती बॅटरी बदलणे योग्य.

त्यानंतर इंजिन सुरू होणार नाही अशा रीतीने डिझेल बंद करून चालकाने चार-पाच सेकंद सेल्फ मारावा व तेवढ्या वेळात पुढील मोजमापे घ्यावीत. मीटरच्या तारांना पुरेशा लांब जोडतारा लावून त्या आधीच अडकवून ठेवाव्यात.

पहिले मोजमाप दोन्ही बॅटऱ्यांच्या एकत्रित टोकांचे. दाब १९ व्होल्टांच्या खाली गेला, तर बॅटरी कमजोर आहे अथवा मोटर वाजवीपेक्षा अधिक प्रवाह ओढते आहे. दुसरे मोजमाप बॅटरीच्या धन खांबापासून सेल्फच्या मुख्य टर्मिनलपर्यंत. तिसरे सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत. या दोन्ही ठिकाणी घट एक व्होल्टच्या आतच असावी. अधिक आढळल्यास त्या मार्गातील केबल, सांधे, किंवा इंजिन व चासीस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सदोष आहे. चौथे मोजमाप सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये घ्यावे. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक घट म्हणजे आतील संपर्क जळाले आहेत. मीटरची टोके केबलच्या पकडीवर न टेकविता शिशाच्या खांबावर टेकवावीत, म्हणजे पकड व खांब यांमधील गंजही मोजला जातो.

दोष जोडांत आढळल्यास बॅटरीची ऋण केबल आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. टर्मिनल कोमट पाण्यात कालविलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवावे. सोडा बॅटरीच्या घरात जाऊ देऊ नये. मग पॉलिश कागदाने घासून घट्ट बसवावे व वरून व्हॅसलीन लावावे. हा खर्च काही रुपयांचा आहे. हे सर्व निर्दोष ठरले, तरच सेल्फ उतरवावा.

घरी करता येण्याजोगी दुरुस्ती

सेल्फ वजनदार असतो. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी त्याला खालून आधार द्यावा आणि कोणती तार कोठे होती याची खूण करून ठेवावी.

मागील झाकण उघडल्यावर कार्बन ब्रश पाहावेत. ते मूळ लांबीच्या अर्ध्यावर आले असतील, तर सर्व ब्रश एकदम बदलावेत. स्प्रिंगमध्ये पुरेसा जोर आहे आणि ब्रश आपल्या घरात सहज सरकतो, याची खात्री करावी. काळा पडलेला कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण पट्ट्यांमध्ये अडकून राहतात.

बॅटरी व लहान दिव्याची 'टेस्ट लॅम्प' जोडणी करून एक टोक कम्युटेटरला व दुसरे आर्मेचरच्या दांड्याला लावावे. दिवा लागल्यास आर्मेचरचे आवरण फुटले आहे व ते कार्यशाळेत दाखविले पाहिजे. दांडा बुशमध्ये डगडगत असेल, तर आर्मेचर आतल्या पोलवर घासते व इंजिन जड फिरते. नवे सच्छिद्र कांस्य बुश बसविण्यापूर्वी रात्रभर स्वच्छ इंजिन तेलात भिजत ठेवावेत. बेंडिक्स कोरड्या फडक्याने पुसावे. पेट्रोल किंवा डिझेलमध्ये बुडविल्यास त्यातील वंगण निघून जाते आणि क्लच लवकरच निकामी होतो.

जोडणी झाल्यावर मोटर शिकंजात पक्की आवळूनच चालवून पाहावी, कारण सुरू होताना ती जोराने उसळते. बिनभाराची ही चाचणी काही सेकंदांपुरतीच घ्यावी.

आर्मेचर किंवा फील्ड कॉइल पुन्हा गुंडाळणे आणि फ्लायव्हीलची रिंग बदलणे ही कामे अनुभवी कारागिरांकडेच सोपवावीत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत टप्पा-६ मानकांच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात. त्यांची बॅटरी उलटी जोडणे किंवा इंजिन चालू असताना सोडणे फार महागात पडते. चावी बंद केल्यावर किती वेळाने बॅटरी सोडावी, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

नित्याची काळजी

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट थांबावे. मोटर अडलेली असताना सर्वाधिक प्रवाह ओढते, आणि चांगले सेल्फ जळतात ते अशाच सततच्या प्रयत्नांमुळे. सेल्फचा भरवसा नाही म्हणून तासन् तास इंजिन चालू ठेवण्यात डिझेल वाया जाते. एअर ब्रेक असलेल्या गाडीला धक्का मारणेही धोक्याचे आहे. टाकीत हवा नसताना कित्येक गाड्यांचे ब्रेक सुटत नाहीत, आणि ज्यांचे सुटतात त्या उतारावर थांबविता येत नाहीत.

पंचायत आणि शाळा

ज्या ग्रामपंचायतींकडे स्वतःचा टँकर किंवा अन्य वाहन आहे, त्यांनी बॅटरीचा दाब, टर्मिनलची सफाई आणि ब्रश बदलल्याची तारीख यांची एक नोंदवही ठेवावी. टंचाईचे दिवस सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारीतच, वरील चार मोजमापे करून घ्यावीत. दुरुस्तीचे देयक मंजूर करताना मोजमापांचे आकडे मागावेत. बॅटरीचा दोष असताना सेल्फचा खर्च पडला की काय, हे त्यावरून सदस्यांना सहज पडताळता येईल.

विज्ञान शिक्षकांना ओहमचा नियम शिकविण्यासाठी याहून जिवंत उदाहरण शोधण्याची गरज नाही. गावातील वाहनाजवळ, चालकाच्या मदतीने व विद्यार्थ्यांना सुरक्षित अंतरावर उभे करून, दिव्यांची चाचणी दाखविता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल यांत्रिकी व विजतंत्री अभ्यासक्रमांच्या प्रशिक्षणार्थींना पंचायतीने हंगामापूर्वी एक दिवस बोलाविल्यास गावातील चालकांना आणि विशेषतः क्लीनर मुलांना ही तपासणी हाताने करून पाहता येईल. गाडीखाली शिरून पाना टेकवू नये, हा धडा त्या दिवशी सर्वांत आधी दिला जावा.