टाकीत इथेनॉल किती? मोजून बघा

गाडीचं ॲव्हरेज पडलं की हल्ली खापर थेट इथेनॉलवर फुटतं. फुटू दे, पण आपल्या टाकीत ते आहे तरी किती, हे आधी बघावं. ब्राझीलमध्ये ग्राहकाने मागितली तर इथेनॉल मोजायची चाचणी पंपावरच करून दाखवावी लागते. आपण ती स्वतः करू.

साहित्य: बुचाचा १०० मिलीचा काचेचा मेजरिंग सिलिंडर, ५० मिली पेट्रोल, मीठ, पाणी.

जागा उघड्यावरची निवडा. गॅस, विडी-काडी, स्विच यांपासून लांब. घरात अजिबात नको.

१०० मिली पाण्यात १० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून ठेवा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं इंजिन गार झालं की कॉकची नळी काढून पेट्रोल कोरड्या काचेच्या बाटलीत घ्या. इंजेक्शनच्या गाडीत नळीला प्रेशर असतं, तिथे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. बाटलीच्या तळाशी पाण्याचा थेंब लोळताना दिसला, तर टाकीत पाणी शिरलंय. मग मोजणी राहू द्या, आधी टाकी साफ करा.

सिलिंडरमध्ये ५० मिली पेट्रोल, त्यावर ५० मिली मिठाचं पाणी. बूच लावून दहा वेळा हलकेच उलटंसुलटं करा. घुसळू नका, आणि मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा. मग पंधरा मिनिटं हात लावू नका. इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यात उतरतं, खालचा थर फुगतो. डोळा रेषेच्या पातळीत आणून वाचा.

खालचा थर ५० वरून जितका चढला त्याची दुप्पट करा, त्यात एक मिळवा. रेघ ५९.५ वर असेल तर साडेनऊची दुप्पट १९, अधिक १, म्हणजे २० टक्के. हेच ई-२०. आकडा फारच वेगळा आला तर दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा करा.

आता ॲव्हरेजचं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ई-२० मध्ये ऊर्जेची सहा-सात टक्के तूट येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींच्या ॲव्हरेजमध्ये ई-२० वर तीन-चार टक्के घट धरली आहे. म्हणजे ५० देणारी गाडी ४८ वर आली, तर इथेनॉलला दोष द्या. ४० वर आली, तर एअर फिल्टर, टायरची हवा आणि ब्रेक घासतोय का, ते तपासा.

वापरलेलं पेट्रोल टाकीत परत ओतू नका, गटारात तर नाहीच. गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडे द्या.