थांबायचं कोणी? ताओ विचार आणि आजची धावपळ



मागच्या पाठानंतर दोन-तीन कुटुंब-गटांतून एकच प्रश्न आला. चीनमधलं ताओ तत्त्वज्ञान म्हणे 'काही करू नका' असं शिकवतं. मग मुलांनी अभ्यास करायचा की नाही? आणि पाश्चात्त्य जगाने एवढी प्रगती केली, ती काय हातावर हात ठेवून बसून केली? प्रश्न रास्त आहे. म्हणून या पाठात आपण ताओ विचार आणि आधुनिक पाश्चात्त्य मूल्ये शेजारी-शेजारी ठेवून बघू या. पाठ थोडा मोठा आहे, दोन बैठकींत वाचला तरी चालेल. शेवटचे प्रश्न मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवायचे.

*१. आधी थोडी ओळख*

'ताओ' या चिनी शब्दाचा साधा अर्थ वाट. सृष्टी ज्या रीतीने आपोआप चालते, ती वाट. या विचाराचा मूळ ग्रंथ 'ताओ ते चिंग'. अगदी छोटा आहे, ८१ प्रकरणे आणि सुमारे ५,००० चिनी अक्षरे. परंपरेने तो लाओत्से यांच्या नावावर आहे. ते इ.स.पूर्व सहाव्या शतकात होऊन गेले असे परंपरा मानते, अभ्यासक मात्र ग्रंथ त्यानंतरचा समजतात. १९९३ साली चीनमध्ये ग्वोत्येन येथे एका प्राचीन थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले या ग्रंथाचे काही भाग सापडले. ते इ.स.पूर्व ३०० च्या आसपासचे आहेत. या परंपरेतले दुसरे मोठे नाव च्वांगत्से. त्यांच्या नावाच्या ग्रंथात गोष्टीच गोष्टी आहेत, आणि बऱ्याच खट्याळ आहेत.

सगळा गोंधळ होतो तो 'वू वेई' या शब्दावरून. शब्दशः अर्थ 'न करणे'. पण त्यात अभिप्रेत आहे ते ओढूनताणून न करणे, वस्तूच्या स्वभावाविरुद्ध जोर न लावणे. आपण कणीक भिजवतो आणि अर्धा तास झाकून ठेवतो. त्या अर्ध्या तासात कणकेला हातही लावत नाही. पण ती मुरू देणे हा स्वयंपाकाचाच भाग आहे, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. वू वेई समजायला एवढं उदाहरण पुरे.

गीतेच्या चौथ्या अध्यायातला कर्म-अकर्म विचार इथे आपल्याला आठवेल. नातं आहे खरं, पण दोन्ही एकच नव्हेत. गीतेचा भर फळाची आसक्ती सोडण्यावर आहे, ताओचा भर जबरदस्ती सोडण्यावर. 'सगळे धर्म एकच सांगतात' म्हणून आपण पटकन पुढे जातो, तसं करू नये.

*२. दोन नद्या*

चीनच्या सिचुआन प्रांतात मिन नावाची नदी डोंगरातून वेगाने सपाटीवर उतरते. पूर्वी पावसाळ्यात पूर येई आणि एरवी शेतं कोरडी राहत. इ.स.पूर्व २५६ च्या सुमारास तिथला राज्यपाल ली बिंग याने तूच्यांगयेन येथे पाण्याची व्यवस्था उभी केली. नदी आडवी अडवली नाही. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घातला, त्यामुळे प्रवाहाचे दोन भाग झाले. एक नदीच्याच वाटेने गेला, दुसरा डोंगर फोडून केलेल्या अरुंद तोंडातून शेतांकडे वळला. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. खडक जाळाने तापवून त्यावर गार पाणी ओतत आणि तो तडकवत, असं सांगतात. बांबूच्या लांब टोपल्यांत दगड भरून बांध रचले. जास्तीचं पाणी आणि गाळ एका ठेंगण्या बांधावरून परत नदीत जाईल अशी सोय केली. आणि हिवाळ्यात पाणी उतरलं की गाळ काढायचा, हा नेम ठरला.

ही व्यवस्था आजही चालू आहे, लाखो एकर जमीन तिच्यावर भिजते. २००० साली युनेस्कोने तिला शेजारच्या छिंगचंग पर्वतासह जागतिक वारशात घेतलं. हा पर्वत ताओ पंथाचं फार जुनं स्थान आहे. ली बिंग हा छिन राज्याचा अधिकारी, तो ताओपंथी होता असं आम्ही म्हणत नाही. पण पाण्याच्या स्वभावाने पाणी वळवणं म्हणजे काय, ते इथे डोळ्यांनी दिसतं. आणि यात आळस कुठेच नाही, बावीसशे वर्षं गाळ उपसणं चालू आहे!

आता दुसरी नदी, अमेरिकेतली कोलोराडो. १९२२ साली तिथल्या सात राज्यांसाठी या नदीच्या पाण्याची वाटणी ठरली. ज्या वर्षांच्या आकड्यांवर ती ठरली, ती वर्षं जास्त पावसाची होती. पुढे १९३१ ते १९३६ मध्ये २२१ मीटर उंचीचं हूवर धरण बांधलं. वीज मिळाली, पूर आटोक्यात आले, वाळवंटात भाजीपाला पिकू लागला. हा लाभ लहान नाही. पण कागदावर वाटलेलं पाणी नदीच्या ऐपतीपेक्षा जास्त होतं. आज बहुतेक वर्षी ही नदी समुद्राला मिळण्याआधीच आटते. धरणामागचा मीड जलाशय २०२२ मध्ये, पहिल्यांदा भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला.

इंजिनिअर दोन्हीकडे हुशारच होते. फरक आधी विचारलेल्या प्रश्नात होता. एकीकडे 'नदी काय देऊ शकते?' हा प्रश्न पहिला, दुसरीकडे 'आम्हाला किती हवं?' हा पहिला. मुलांच्या बाबतीत आपण कुठला प्रश्न आधी विचारतो, ते इथेच थांबून आठवून बघा.

*३. विहीर आणि घड्याळ*

च्वांगत्सेच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. कन्फ्यूशियसचा एक शिष्य वाटेत एका म्हाताऱ्या माळ्याला बघतो. म्हातारा विहिरीत उतरतो, मडकं भरून वर येतो, वाफ्यात ओततो, पुन्हा उतरतो. शिष्य म्हणतो, बाबा, एका लाकडाला मागे वजन बांधून पाणी वर काढायचं साधन असतं, दिवसात शंभर वाफे भिजतील. म्हातारा हसतो. ते साधन त्याला माहीत असतं. पण यंत्राच्या संगतीत मनही यंत्रासारखं हिशेबी होतं, म्हणून तो ते वापरत नाही.

वर्नर हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९५५ च्या आपल्या पुस्तकात आधुनिक विज्ञानाबद्दल लिहिताना हीच गोष्ट सांगितली आहे. म्हणजे पाश्चात्त्यांनाही ती बोचलीच.

त्यांच्याकडची मूल्यं मात्र दुसऱ्या दिशेने घडत गेली. १७४८ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुण व्यापाऱ्याला सल्ला देताना वेळ आणि पैसा एकाच तराजूत घातले. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांनी कामगारांच्या कामाचं शास्त्र लिहिलं. त्यांनी स्वतःच सांगितलेला दाखला असा: लोखंडाच्या लाद्या उचलणारा मजूर दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेला. काम जवळजवळ चौपट. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर, म्हणजे दुपटीलाही पोचली नाही.

आम्ही काही मिक्सर आणि वॉशिंग मशीन सोडणार नाही, आणि तुम्हालाही सोडा म्हणणार नाही! पाटा-वरवंट्याने मनगटं किती दुखतात ते आमच्या वयाच्या बायकांना विचारा. विचार करायचा तो एवढाच की यंत्राने वाचवलेला वेळ गेला कुठे? तो निवांत बसण्यात गेला की आणखी चार कामांत, की मोबाईलमध्ये?

*४. बिनकामाचं झाड*

च्वांगत्सेची आणखी एक गोष्ट. एक सुतार देवस्थानापाशी भलंमोठं झाड बघतो आणि न थांबता पुढे जातो. शिष्याला सांगतो, बिनकामाचं लाकूड. नाव केली तर बुडेल, भांडं केलं तर फुटेल. रात्री झाड त्याच्या स्वप्नात येतं आणि विचारतं, मी उपयोगी असतो तर एवढा वाढलो असतो का? फळझाडांच्या फांद्या लोक कशा ओरबाडतात ते बघ.

आधुनिक जगात माणसाचं मोल बहुतेक कमाईवरून ठरतं. देशाच्या उत्पन्नाचा हिशेबच बघा. स्वयंपाकाला बाई लावली तर तिचा पगार त्यात धरता येतो, घरच्या बाईने आयुष्यभर रांधलं तरी त्याची नोंद शून्य. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेच्या संसदेपुढे मांडणारे सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ च्या अहवालात बजावलं होतं की एवढ्या आकड्यावरून देशाचं भलं जोखता येत नाही. इशारा मागे पडला, आकडा राहिला. घरातही तेच होतं. निवृत्त झालेले आजोबा, गुडघे दुखणारी आजी यांना 'आता आमचा काय उपयोग' असं वाटू लागतं. ते आपल्याच वागण्यातून त्यांनी ऐकलेलं असतं.

*५. मग पूर्व चांगली आणि पश्चिम वाईट?*

असं मुळीच नाही. १९५८ साली चीनमध्येच चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची मोठी मोहीम झाली. चिमण्या किडेही खातात, हे नंतर उमगलं. किडी वाढल्या आणि १९६० मध्ये चिमण्यांचं नाव मारायच्या यादीतून काढावं लागलं. तोवर देशात दुष्काळ माजला होता, त्याच्या कारणांत ही एक भर. लाओत्सेंच्या देशातच निसर्गावर असा जोर लावला गेला. उलट १८५४ मध्ये 'वॉल्डन' लिहिणारे थोरो आणि १९७३ मध्ये 'स्मॉल इज ब्यूटिफुल' लिहिणारे शूमाकर हे पश्चिमेचेच, ज्यांनी 'पुरे' म्हणायला शिकवलं.

शिवाय देवीची लस, भूल देऊन शस्त्रक्रिया, व्यक्तीचे हक्क, या गोष्टी आपण आनंदाने घेतल्या आहेत आणि घ्यायलाच हव्यात. तेव्हा हा नकाशावरचा भेद मानू नये. जोर लावणारं मन आणि स्वभाव ओळखणारं मन, ही दोन्ही प्रत्येक घरात नांदतात.

*६. खरा मुद्दा*

आता या पाठातलं सर्वांत महत्त्वाचं. 'ताओ ते चिंग' वाचताना लक्षात येतं की त्यातला कितीतरी उपदेश राजाला उद्देशून आहे. प्रजा उपाशी आहे कारण वरचे लोक फार कर खातात, असं तो ग्रंथ स्पष्ट सुचवतो. म्हणजे 'जोर लावू नकोस, मागे सर' हे कोणाला सांगितलंय? ज्याच्या हातात जोर आहे त्याला!

आपल्या घरांत आणि सत्संगात हा उपदेश कोणाला होतो? सुनेला. 'सोडून दे गं, जुळवून घे, पाण्यासारखी हो.' नाहीतर धाकट्या भावाला, नाहीतर मार्क कमी पडलेल्या मुलाला. हा अर्थ उलटा आहे. वू वेई आधी सासू-सासऱ्यांनी करायची, आई-वडिलांनी करायची, आणि आम्हा सेवेकऱ्यांनीसुद्धा करायची, कारण सेवेच्या नावाखाली हुकूम सोडायला वेळ लागत नाही. घरात मारहाण किंवा छळ असेल तर सहन करणं म्हणजे ताओ नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे, त्याची मदत घेण्यात कुठलाही अधर्म नाही.

मुलांचंही तसंच. बारावीचं पोर कोटाला पाठवायचं की नाही, हे प्रत्येक घर आपापलं ठरवेल. पण पाठवण्याआधी त्याला नीट विचारलं का? त्याची ओढ कशात आहे ते वर्षभर बघितलं का? मिन नदीचा धडा इथे कामी येतो. बांध ठेंगणा ठेवायचा, पण गाळ दरवर्षी काढायचा. म्हणजे नियम थोडे असावेत आणि बोलणं नियमित असावं. आपल्याकडे बहुतेक उलटं असतं. नियमांची भिंत उंच, आणि मनातला गाळ वर्षानुवर्षं तसाच. मग एक दिवस भिंत फुटते आणि आपण म्हणतो, असं अचानक कसं झालं?

*या पंधरवड्याचा स्वाध्याय*

(१) आपल्या घरात कोणाच्या शब्दाला जास्त वजन आहे? त्या व्यक्तीने आठवडाभर एका बाबतीत आग्रह सोडून बघावा. कुठली बाब, ते तिनेच ठरवावं.

(२) यंत्राने वाचवलेला रोजचा अर्धा तास कुठे जातो, ते चार दिवस लिहून ठेवा.

(३) घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ काही काम न सांगता, काही न विचारता, नुसतं पंधरा मिनिटं बसा.

(४) मुलांनी उत्तर द्यायचा प्रश्न: 'घरचे माझ्यावर कुठे जोर लावतात?' मोठ्यांनी फक्त ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. समजावायचंही नाही!

चौथा प्रश्न सर्वांत अवघड जाईल. तो आधी सोडवा. उत्तरं गटात टाकायची गरज नाही, घरातच राहू द्या.

जय गुरुदेव 🙏