सुगंध आणि श्वास

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी संध्याकाळी लोबान जाळतात का? आमच्या साताऱ्याच्या घरी दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दादी लोबान जाळत असे. ती मातीच्या धुपाटण्यात चुलीतले निखारे घ्यायची, त्यावर चिमूटभर लोबान टाकायची आणि सगळ्या खोल्यांतून धूर फिरवायची. तो वास आला की आम्हांला वाटे, आता घर स्वच्छ झाले, आता अभ्यासाला बसावे.

एका हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. थंडी फार होती, म्हणून दारेखिडक्या बंद होत्या. दादीने नेहमीप्रमाणे लोबान जाळला. थोड्याच वेळात माझी सहा वर्षांची धाकटी बहीण अंथरुणात उठून बसली. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. अब्बांनी तिला उचलले आणि डॉक्टरांकडे धाव घेतली. औषध दिल्यावर कितीतरी वेळाने ती शांत झोपली.

डॉक्टर म्हणाले, "हिला दमा आहे. कोंडलेल्या खोलीतला धूर हिला सोसत नाही."

दादी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तर घराच्या भल्यासाठीच जाळत होते."

दादीचे म्हणणे खरे होते. मग चुकले कुठे? ते समजण्यासाठी वास म्हणजे काय, हे आधी पाहू.

फूल, पान, लाकूड किंवा डिंक यांतून अतिशय सूक्ष्म रेणू हवेत उडतात. श्वासाबरोबर ते नाकात जातात. नाकाच्या वरच्या भागातील पेशी त्यांना ओळखतात आणि मेंदूला निरोप देतात. हे काम कसे चालते, याचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वासाचा निरोप मेंदूतील भावना आणि आठवणी यांच्या भागांपर्यंत लवकर पोहोचतो. म्हणूनच सांगलीकडच्या माणसाला दूरगावी हळदीचा वास आला, तर त्याला एकदम आपले शेत आठवते. आवडत्या वासाने मन प्रसन्न होते, ते याचमुळे.

पण लोबान जाळला की नुसता वास येत नाही. त्याबरोबर धुराचे बारीक कणही येतात आणि ते फुप्फुसात जातात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वासच नसतो, म्हणून तो कळत नाही. बंद खोलीत त्याने जीवही जाऊ शकतो.

जाळल्याशिवाय सुगंध मिळवण्याची रीतही जुनी आहे. या विषयातले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. मराठीतील 'अत्तर' हा शब्द अरबी 'इत्र' या शब्दावरून आला. 'ऊद' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ लाकूड. 'गुलाब' म्हणजे फारसीत गुल आणि आब, फुलाचे पाणी! उत्तर प्रदेशातील कनौज येथे आजही तांब्याच्या देगमध्ये फुले आणि पाणी तापवून त्यांची वाफ थंड करतात आणि अत्तर काढतात. नीलगिरीचे आणि गवती चहाचे तेलही वाफेच्याच साहाय्याने काढतात. ही तेले खाण्याच्या तेलासारखी नसतात. कागदावर एक थेंब तिळाचे तेल आणि एक थेंब नीलगिरीचे तेल टाकून पाहा. तिळाच्या तेलाचा डाग तसाच राहील. नीलगिरीचा डाग काही वेळाने जवळजवळ नाहीसा होईल, कारण ते तेल हवेत उडून जाते.

आता मी सांगलीत शिकवतो. मागच्या वर्षी एका नातेवाइकाने आम्हांला डिफ्यूझर नावाचे यंत्र भेट दिले. त्यात पाणी भरून सुगंधी तेलाचे काही थेंब टाकतात. आतली एक पातळ चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते. त्यामुळे पाण्याचे धुके तयार होते आणि सुगंध खोलीभर पसरतो. विस्तव नाही, धूर नाही. मला वाटले, दादीला हे मिळाले असते तर!

यंत्राच्या खोक्यावर लिहिले होते, 'ताण जातो, झोप लागते, सर्दी-खोकला बरा होतो.' हे खरे आहे का? काही अभ्यासांत लव्हेंडरच्या वासाने लोकांना थोडे हलके वाटल्याचे दिसले आहे. कोविडच्या साथीत अनेकांची घ्राणशक्ती गेली. त्यांपैकी काहींना डॉक्टरांनी गुलाब, नीलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास रोज दोन वेळा घेण्याचा सराव सांगितला. इतका उपयोग आहे. पण सुगंधाने दमा किंवा ताप बरा होत नाही. सुगंध हे औषध नव्हे.

ईदला बहीण आमच्या घरी आली. मी हौसेने यंत्र सुरू करू लागलो. ती म्हणाली, "भाईजान, थांबा. मला तीव्र वासानेही त्रास होतो." मी लगेच हात मागे घेतला. धूर नसला, तरी तेलाची वाफ हवेत मिसळतेच. आम्ही खिडक्या उघडल्या आणि बाहेर ओट्यावर बसून गवती चहा घेतला.

तेव्हा मला दादी आठवली. त्या रात्रीनंतर तिने लोबान जाळणे सोडले नाही, पण धुपाटणे अंगणात नेले. आणि पेटवण्याआधी दर वेळी ती हाक मारून विचारायची, "मुलगी कुठे आहे?"

मित्रांनो, तुम्हीही असेच विचारत जा. शिवाय पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

१. सुगंधी तेल वापरताना खिडकी उघडी ठेवा. तीन-चार थेंब आणि अर्धा तास पुरे.
२. ही तेले कधीही पिऊ नका. नीलगिरीचे तेल चमचाभर पोटात गेले, तरी लहान मुलाच्या जिवाला धोका होतो. बाटली उंच जागी ठेवा.
३. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कापूर किंवा नीलगिरीचे तेल लावू नका.
४. मांजर किंवा पाळीव पक्षी असलेल्या खोलीत डिफ्यूझर लावू नका.
५. बंद खोलीत निखारे ठेवून झोपू नका.
६. दम्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

घरात सुगंध असावा. पण त्याआधी प्रत्येकाला मोकळा श्वास घेता यावा.

शब्दार्थ
धुपाटणे – ऊददानी
भाता – लोहाराचे हवा फुंकण्याचे साधन, धौंकनी
सोसणे – सहन होणे, बर्दाश्त होणे
घ्राणशक्ती – वास घेण्याची शक्ती

स्वाध्याय
१. लेखकाच्या बहिणीला त्रास का झाला?
२. 'गुलाब' या शब्दाचा मूळ अर्थ लिहा.
३. दादीने आपल्या सवयीत कोणता बदल केला?
४. 'सुगंध हे औषध नव्हे' हे वाक्य तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
५. तुमच्या घरी कोणते सुगंधी पदार्थ वापरतात? मोठ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.