सामान्य माणूस आणि नरसंहार

निरपराध लोकांची सरसकट कत्तल झाल्याचें वाचलें कीं ती करणारे कोणी राक्षसच असावेत, असें आपणांस वाटतें. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

जर्मनीच्या हँबुर्ग शहरांतील १०१ व्या राखीव पोलीस पलटणींत सुमारें ५०० इसम होते. बहुतेक प्रौढ, संसारी व कामकरी वर्गांतील. १३ जुलै १९४२ रोजीं पोलंडांतील युझेफूफ गांवीं त्यांस ज्यू स्त्रिया, मुलें व वृद्ध यांना गोळ्या घालण्याचा हुकूम झाला. मेजर ट्राप यांनीं साश्रु नयनांनीं सांगितलें कीं, वयस्क शिपायांपैकीं ज्यांस हें काम झेपणार नाहीं, त्यांनीं बाजूस व्हावें. आरंभीं जेमतेम डझनभरच बाजूस झाले. त्यांस शिक्षाही झाली नाहीं. सायंकाळपर्यंत सुमारें १,५०० जीव गेले.

मग इतरांनीं बंदूक कां उचलली? युद्धानंतर न्यायचौकशींत त्यांनीं दिलेल्या जबान्या अभ्यासून इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनीं १९९२ सालीं ह्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सोबत्यांत आपण भित्रे ठरूं नये, आपल्या वांट्याचें काम त्यांच्यावर पडूं नये, हुकूम तर वरून आला आहे, अशा विचारांनीं त्यांस जखडून टाकलें होतें. ज्यूंविषयींचा तिरस्कारही त्यांच्या मनांत वर्षानुवर्षें भरविला गेला होता.

विद्यार्थीमित्रहो, आम्हांस यांतून एकच बोध घ्यावासा वाटतो. रांगेंतून एकट्यानें बाहेर पडण्याचें धैर्य ऐन प्रसंगीं उसनें मिळत नाहीं. वर्गांत सारे मिळून एखाद्या दुबळ्या मुलाची टवाळी करीत असतां जो त्यांत सामील होत नाहीं, त्यानें त्या धैर्याचा पहिला धडा गिरविला, असें आम्ही समजतों.