वार्धक्यातील बलक्षय व पतनाचा धोका : आहार आणि चेष्टा यांची सांगड

वार्धक्यात तोल जाऊन पडणे ही किरकोळ बाब समजून अनेक रुग्ण ती वैद्याला सांगतही नाहीत. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे मृत्यू पावतात व त्यांत साठीपुढील व्यक्तींची संख्या सर्वाधिक असते. अस्थिभग्न झाला नाही तरी भीतीमुळे हालचाल घटते, मांसधातू क्षीण होतो आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. केवळ बल्य औषधाने हे चक्र तुटेल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संहितोक्त विचार

चरकाचार्यांनी बलाचे सहज, कालज व युक्तिकृत असे तीन भेद सांगितले आहेत. वयपरत्वे कालज बल उतरणीस लागते. वैद्याच्या हाती उरते ते युक्तिकृत बल. ते आहार व चेष्टा या दोहोंच्या योगाने उत्पन्न होते. व्यवहारात मात्र आपण आहार व रसायन तपशीलवार लिहून देतो आणि चेष्टा ‘थोडे फिरत जा’ एवढ्या सूचनेवर सोडतो.

येथे एक शंका संभवते. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वृद्धाने व्यायाम टाळावा असे म्हटले आहे. आमच्या मते हा निषेध अर्धशक्तीपर्यंतच्या श्रमरूप व्यायामाचा आहे. चरकाचार्य स्थैर्य व बल वाढविणारी चेष्टा मात्रेने करावी असे सांगतात, तर सुश्रुताचार्य वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम योजावा असे सांगतात. यास्तव वृद्धासाठी मात्रा ठरविणे हेच वैद्याचे कर्तव्य ठरते.

आधुनिक पुरावा

अमेरिकेतील बोस्टन येथील वृद्धनिवासातील सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० व्यक्तींवरील अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली १० आठवडे वजनाचा व्यायाम करणाऱ्यांचे स्नायुबल दुपटीहून अधिक झाले. व्यायामाविना केवळ पूरक आहार घेणाऱ्यांत तशी सुधारणा दिसली नाही. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार व्यायामामुळे घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते.

परीक्षण

दशविध परीक्षेतील व्यायामशक्ती चिकित्सालयातच मोजता येते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर रुग्णास बसवून, हात छातीवर घेऊन, पाच वेळा उठण्याबसण्यास सांगावे. १२ सेकंद वा अधिक वेळ लागल्यास शारीरिक कार्यक्षमता कमी समजावी, असा आशियाई कार्यगटाचा २०१९ चा निकष आहे. हाताच्या आधाराविना उठताच येत नसल्यास आग्रह धरू नये. रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर पाहावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरल्यास कारण शोधावे. दृष्टी, पायांची संवेदना व चालू औषधे यांचीही चौकशी करावी.

चिकित्सासूत्र

१. प्रथम अग्नी पाहावा. दीपन-पाचनानंतर दूध, मूग, अंडी वा मांसरस यथासात्म्य द्यावा. वृक्कविकारात मांसवर्धक आहार विचारपूर्वक योजावा.

२. खुर्चीवरून उठणे-बसणे व ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे, एक दिवसाआड, दम न लागेल इतपत करवावे. सोसल्यास क्रमाने वाढवावे. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे ही थांबण्याची लक्षणे होत. हृद्रोगी वा वारंवार पडणाऱ्या रुग्णास प्रथम तज्ज्ञाकडे पाठवावे.

३. अभ्यंग हितकर आहे; परंतु तळव्यांना तेल राहिल्यास गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. पादाभ्यंगानंतर तळवे पुसूनच चालण्यास सांगावे. रात्री शौचास जाण्याच्या वाटेवर दिवा असावा.

औषधी विक्रेत्यांसाठी

‘शक्तीचे औषध’ मागणाऱ्या वृद्धास अश्वगंधा वा च्यवनप्राश देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षात पडलात काय? झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास वैद्याकडे पाठवावे. मधुमेही रुग्णास अवलेहातील साखरेची जाणीव द्यावी.

रसायनाच्या पत्रकावर औषधमात्रेखाली चेष्टेची मात्राही लिहावी आणि दर महिन्याला खुर्चीची चाचणी पुन्हा घेऊन सेकंदांची नोंद ठेवावी. बल वाढले किंवा नाही, हे त्या नोंदीवरून रुग्णास व वैद्यास सारखेच कळेल.