आजी-आजोबांना दवाखान्यासाठी एक दिवस द्या

आपल्या वस्तीतले कितीतरी आजी-आजोबा सत्तरी गाठली तरी पहाटे मंडईतून माल आणतात आणि दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून विकतात. कुणाची भाजीची पाटी, कुणाच्या शेंगा, कुणाची लिंबू-मिरची. मोठ्या कारखान्यातल्या कायम कामगाराला आजारपणाची रजा, विमा, भविष्य निर्वाह निधी असतो. रस्त्यावर विकणाऱ्याला मालकच नाही, त्यामुळे यातले काहीच नाही. एक दिवस बसले नाही तर कमाई बुडते, शिवाय आणलेली भाजी सुकते. म्हणून दवाखाना रोज ‘उद्या’वर जातो आणि साधे दुखणे मोठे होते. तो एक दिवस घरातल्यांनीच त्यांना काढून दिला पाहिजे.

या चार गोष्टींकडे लक्ष द्या

१. पाणी : जवळ शौचालय नसते म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उतारवयात तहानही कमी लागते. त्यातून लघवीला जळजळ, बद्धकोष्ठता, चक्कर असे त्रास होतात. सोबत पाण्याची बाटली द्या. तहान नसली तरी थोडे थोडे प्यावे. शेजारच्या विक्रेत्याशी बोलून ठेवा, म्हणजे माल सोडून शौचालयात जाता येईल. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारा.

२. ऊन : अंग खूप तापले, बोलणे बरळल्यासारखे झाले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

३. बीपी-शुगरच्या गोळ्या : बीपी वाढले तरी बहुतेकदा काही दुखत नाही. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणत गोळी बंद केली जाते आणि पुढे लकव्याचा धोका वाढतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

४. पाय : मधुमेहात तळपाय बधिर होतात, जखम कळत नाही. रोज रात्री कुणीतरी त्यांचे तळवे नीट पाहावेत.

दवाखान्याची तारीख आधीच ठरवा. त्या दिवशी मुलाने, सुनेने किंवा मोठ्या नातवंडाने पाटीवर बसावे.

कागद तयार ठेवा

• २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्री प्रमाणपत्र मिळते. प्रमाणपत्रधारकाचे निधन झाले, कायमचे अपंगत्व आले किंवा तो आजारी पडला तर पती, पत्नी किंवा अवलंबून असलेल्या मुलाला तिथे विक्री करता येते.

• वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार कार्ड लागते.

• वय ६५ पूर्ण असेल तर श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात करा. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे दिवसाला जेमतेम ५८ रुपये. ही मर्यादा वाढावी, अशी मागणी आपण एकत्र येऊन केली पाहिजे.

• प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत नाव १८ ते ४० वयातच घालता येते. म्हणून हातगाडी लावणाऱ्या मुलामुलींनी आताच चौकशी करावी.

पेन्शनचा अर्ज करताना अनेक वडीलधाऱ्यांना लाज वाटते. त्यांना सांगा, ही भीक नाही. म्हातारपणी आणि आजारपणी सरकारने साहाय्य करावे, असे संविधानाच्या कलम ४१ मध्ये लिहिले आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर थांबा. शिकलेल्या मुलांनी अर्ज भरून द्यावेत आणि कुणाच्या पाटीवर कोण, कोणत्या दिवशी बसणार हेही तिथेच ठरवावे.