ईश्वरविज्ञानाची उच्च पदवी आणि अभ्यासभाषेचा प्रश्न

भारतीय भाषांचे अभ्यासक ख्रिस्ती वाङ्मयाकडे वळतात ते बहुधा तीन वाटांनी : व्याकरण-कोशांचा इतिहास, मुद्रणाचा इतिहास आणि धर्मांतरितांची आत्मचरित्रे. या वाङ्मयाचे आजचे लेखक व वाचक ज्या धर्मशास्त्रीय विद्यालयांत घडतात, तेथील पदवी-अभ्यासाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. ईश्वरविज्ञानाची उच्च पदवी घेणारा मराठी विद्यार्थी कोणत्या भाषेत विचार करावयास शिकतो आणि त्यामुळे मराठीचे काय साधते वा हुकते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

या पदवीचे भारतातील प्रमुख पीठ म्हणजे बंगालमधील सेरामपूर. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली तेथे महाविद्यालय स्थापन केले. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्यास सनद देऊन पदवीदानाचा अधिकार बहाल केला. १८४५ मध्ये सेरामपूर इंग्रजांकडे गेले तरी हा अधिकार अबाधित राहिला, प्रत्यक्षात बी. डी. ही पदवी प्रथम १९१५ मध्ये देण्यात आली आणि १९१८ च्या कायद्याने आजची व्यवस्था सिद्ध झाली. देशभरातील अनेक विद्यालये आज या पीठाशी संलग्न आहेत. बी. डी.नंतर एम. टीएच. आणि त्यापुढे संशोधनाची पदवी, असा हा क्रम आहे.

संस्थापकांचा मूळ संकल्प पौर्वात्य वाङ्मय आणि पाश्चात्य विज्ञान एकत्र शिकविण्याचा होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. कॅरीने स्वतः १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठीचा कोश प्रसिद्ध केला. ज्या पुरुषाने मराठीच्या आधुनिक कोशरचनेचा आरंभ केला, त्यानेच स्थापिलेल्या पीठाची पदवी घेताना आज मराठी विद्यार्थ्यास बहुधा इंग्रजीचा आश्रय करावा लागतो.

यास कोणाचा दुराग्रह कारण नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यास आली. कॅथलिकांचे ज्ञानदीप विद्यापीठही पुण्यातच आहे. मराठी प्रदेशाच्या मध्यभागी असूनही या संस्थांत केरळपासून ईशान्येपर्यंतचे विद्यार्थी एकत्र शिकतात. तेथे इंग्रजी ही सोयीची सामाईक भाषा ठरते. परंतु हा विद्यार्थी पुढे एखाद्या तालुक्याच्या गावी मंडळीचा पाळक होतो, तेव्हा त्यास आपले सर्व ज्ञान मराठीत पुन्हा नव्याने उभे करावे लागते.

ही अडचण केवळ भाषांतराची असती, तर एखादा परिभाषाकोश पुरेसा झाला असता. मूळ ग्रीक व हिब्रू भाषांचा परिचय हा या अभ्यासक्रमाचा महत्त्वाचा भाग असतो. त्या भाषांतील संज्ञा इंग्रजीत मांडताना विद्यार्थ्यास एक तयार, घासून गुळगुळीत झालेली परिभाषा मिळते. मराठीत मात्र प्रत्येक शब्दागणिक निर्णय घ्यावा लागतो. ख्रिस्ताच्या देहधारणास 'अवतार' म्हणावे काय? अवतार युगायुगांत पुनःपुन्हा होतो; ख्रिस्ती श्रद्धेनुसार देहधारण एकदाच घडले. 'अवतार' म्हटल्यास श्रोत्यास शब्द कळतो पण अर्थ निसटतो. 'देहधारण' म्हटल्यास अर्थ राखला जातो, पण शब्द परका वाटतो. थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजला, तेव्हा त्याच्यासमोर हाच पेच होता.

'तारण' या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत तारण म्हणजे उद्धार. व्यवहारात तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. ग्रीक नव्या करारातही मुक्तीची एक प्रमुख संज्ञा मोल देऊन सोडविण्याच्या व्यवहारातूनच आली आहे. त्यामुळे मराठी शब्दाचा हा दुहेरी अर्थ अभ्यासकास दोष न वाटता विचाराचे द्वार वाटावयास हवा. याउलट मराठी बायबलात त्याच संदर्भात रूढ झालेला 'खंडणी' हा शब्द पेशवाईच्या काळी मांडलिकाने द्यावयाच्या रकमेचा वाचक होता. आजच्या वर्तमानपत्रांत तो गुन्हेगारीचा वाचक झाला आहे. असे प्रश्न इंग्रजीतील प्रबंधात उद्भवतच नाहीत; आणि जे उद्भवत नाहीत, त्यांची उत्तरेही शोधली जात नाहीत.

मराठीतील ख्रिस्ती विचाराची भर बहुतांशी या पदव्यांच्या बाहेरच पडली आहे, ही गोष्टही सूचक होय. पंडिता रमाबाईंनी ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, चालविले. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळकांचे निधन झाल्यावर अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांच्यापाशी तर शाळेचेही रीतसर शिक्षण नव्हते. या परंपरेपुढे पदवी निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. रमाबाईंनी एकाकी परिश्रमाने जे मिळविले, ते पद्धतशीर अध्ययनाने अनेकांना सुलभ करणे हेच विद्यालयांचे कार्य आहे. मात्र ते ज्ञान ज्या भाषेत उतरावयाचे, तीच अभ्यासातून वगळली तर कार्य अर्धेच राहते.

यावर उपाय अशक्य नाही. मदुराई येथील तमिळनाडू ईश्वरविज्ञान विद्यालयाने (स्थापना १९६९) बी. डी.चे अध्यापन तमिळमधून करण्याची वाट घालून दिली आहे. मराठीपुरते बोलावयाचे तर दोन गोष्टींनी प्रारंभ करता येईल : मराठी विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधास मूळ संज्ञांची साधकबाधक चर्चा करणारे मराठी परिशिष्ट जोडावे, आणि 'क्रिस्तपुराण' अथवा 'ख्रिस्तायन' यांपैकी एका ग्रंथाचे सूक्ष्म वाचन हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय व्हावा. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांचे साहाय्य येथे मोलाचे ठरेल; कारण 'कृपा' या शब्दाचा संतवाङ्मयातील अर्थविस्तार जाणणारा मनुष्य विद्यालयाच्या वर्गात आज सहसा उपस्थित नसतो.